घोट्यावरचा पट्टा

खोगीरवाल्याच्या हातून एखादा पट्टा सैल गेला, असं गेल्या नऊ वर्षांत कुणाला म्हणता आलं नव्हतं. त्याआधी एकदाच गेला होता, आणि तेवढ्यानेच त्याची लेक तट्टावरून दगडी बांधावर पडली होती. खोगिराचा तंग, म्हणजे जनावराच्या पोटाखालून आवळायचा पट्टा, त्या दिवशी एक भोक मागे राहिला. खोगीर कलंडलं आणि अकरा वर्षांची पोर पाठीवर आपटली. जीव वाचला. पण डावा पाय अर्धामुर्धा राहिला आणि उजवा गुडघ्याखाली नुसता लोंबायला लागला. चिमटा काढा, टाचणी टोचा, त्याला पत्ता नसे.

तेव्हापासून तो जो पट्टा ओढी तो एक भोक पुढेच. तट्टूवाले चेष्टा करत, की याच्या हाताखालून गेलेलं जनावर श्वास घ्यायलासुद्धा परवानगी मागतं. तो हसत नसे. सैल पट्टा हलतो, हलला की घासतो, घासला की कातडं जातं. घट्ट पट्टा हलतच नाही, मग घासणार कुठून, हे त्याचं शास्त्र होतं. नवं जनावर चार दिवस अंग चोरतं, मग तिथे घट्टा पडतो आणि सगळं सुरळीत होतं. खरोखरच खुपत असेल तर ते आपण होऊन सांगतं. कातडी थरथरते, कान मागे जातात, नाहीतर लाथ बसते. मुक्या जनावराला सांगता येतं तर माणसाला का येऊ नये, असं तो म्हणे.

त्याचं घर उताराच्या मध्यावर होतं. वर सफरचंदांच्या बागा, खाली गाडीरस्ता आणि फळांची शेड, आणि मधल्या चढणीला चाक चालत नसल्यामुळे सगळी मदार तट्टांवर. घरात माणसं तीन: तो, त्याची वीस वर्षांची लेक, आणि नवरा गेल्यावर माहेरी परतलेली थोरली बहीण, जिला तो आक्का म्हणे आणि लेक आत्या. बायको लेक लहान असतानाच गेली होती. पुढच्या खोलीत कामाचा ओटा, भिंतीवर टांगलेली कातडी, कोपऱ्यात चरबीचा डबा. मागच्या खोलीत चूल आणि अंथरुणं. घरात शिरणाऱ्याला आधी कातड्याचा वास यायचा आणि मग माणसं दिसायची. घरच्यांना मात्र तो वास कधीच येत नसे.

नऊ वर्षं लेक लोखंडी कॅलिपरवर चालली. पायाच्या दोन्ही बाजूंना सळ्या, खाली जड बूट, गुडघ्याला कडी. पाऊल टाकलं की खट, उचललं की खट. चढावर ती दिसायच्या आधी ऐकू यायची, म्हणून गावाने तिचं नावच खटखट ठेवलं होतं. तोंडावर कुणी म्हणत नसे एवढंच. एकदा ती आत्याचा डबा घेऊन शेडवर गेली, तेव्हा नवीन आलेल्या एका बाईने तेच तिचं नाव समजून तिला प्रेमाने तशी हाक मारली. सगळ्या टेबलाने माना खाली घातल्या. लेकीने मात्र 'ओ' दिली आणि डबा ठेवून ती परत फिरली. घरी येऊन ती त्याबद्दल काहीच बोलली नाही, आत्याने सांगितलं तेव्हा खोगीरवाल्याला कळलं.

त्या वर्षी हंगामाच्या तोंडावर शहरातल्या रुग्णालयाने तिला नवा कॅलिपर दिला. पायाचा साचा घेऊन केलेला, पांढऱ्या प्लास्टिकचा, मांडीपर्यंत येणारा आणि वजनाला निम्मा. तो बसवून देणारा फिटर तरुण होता, बोलायचा हळू आणि एकच गोष्ट दोनदा सांगायचा. पहिले काही दिवस दोन तासांपेक्षा जास्त घालायचा नाही. आत सुती मोजा, त्याला एकही सुरकुती नको. तीन आठवड्यांनी दाखवायला यायचं, कारण नवा कॅलिपर एकदा तरी कमीजास्त करावाच लागतो.

"आणि काका, हे तुम्ही नीट ऐका," तो म्हणाला. "हिला दुखणार नाही. म्हणून रोज डोळ्यांनी बघायचं. कॅलिपर काढला की आरसा घेऊन टाच बघायची, घोटा बघायचा. लाल डाग वीस मिनिटांत गेला तर ठीक. नाही गेला तर कॅलिपर घालायचा नाही, सरळ इकडे यायचं."

खोगीरवाला मान डोलवत होता, पण त्याची नजर शिवणीवर होती. शिवण यंत्राची होती आणि पट्टे चरचर करून उघडणाऱ्या वेल्क्रोचे. असला पट्टा त्याने शाळेच्या दप्तराला पाहिला होता. माणसाचं सगळं वजन असल्या चिकटपट्टीवर सोडायचं, हे त्याच्या बुद्धीला पटेना. परतीच्या वाटेवर चढण लागली आणि त्याने पाहिलं की पाऊल टाकताना लेकीची टाच आत उचलली जाते आहे, पाय प्लास्टिकमध्ये वरखाली होतो आहे. फिटरने शहरातल्या गुळगुळीत फरशीवर माप घेतलं होतं. त्याला इथली चढण कुठे माहीत होती? पायात कॅलिपर आहे की बादलीत पाय, असं तो पुटपुटला, आणि त्याच आठवड्यात लेक अंगणात दोनदा पडली.

एरवी त्याने धीर धरलाही असता. पण शेडच्या मुकादमाने त्या हंगामात प्रतवारीच्या टेबलावर एक जागा आहे असं आत्याकडे बोलून दाखवलं होतं. फळ हातात घ्यायचं, दाबून बघायचं, मापाच्या कड्यातून काढायचं आणि आपापल्या पेटीत टाकायचं. लेकीची बोटं त्या कामाला अगदी नेमकी होती. वरून तुकतुकीत दिसणारं फळ आतून नासलेलं असलं तर तिला ते हातात घेताच कळायचं. पण काम आठ तास उभ्याचं होतं. उभं राहता येत असेल तर ये, मुकादमाने सांगितलं होतं. जी दोन महिने एकही खाडा न करता टेबलाला उभी राहील तिला तो पुढे शीतगृहात वर्षभर ठेवून घेणार होता. लेकीने हे ऐकलं आणि ती दोन दिवस जेवताना सुद्धा दुसऱ्या कशाबद्दल बोलेना. तिला आपल्या पायावर उभं राहायचं होतं, आणि तिच्या बाबतीत ही नुसती म्हण नव्हती.

म्हणून खोगीरवाल्याने कॅलिपर ओट्यावर घेतला. वेल्क्रो कातडं कापायच्या रापीने कापून टाकला. आतला स्पंज उचकटला आणि तिथे तट्टांच्या पाठीखाली घालतात तो दाबलेल्या लोकरीचा नमदा बसवला. मग पाठीच्या कातड्यातला उत्तम तुकडा निवडून त्याने घोट्यावरून आडवा जाणारा पट्टा कापला, कडा तासल्या, आरीने भोकं पाडली आणि मेणाच्या दोऱ्याने दुहेरी शिवण घातली. एका इंचात आठ टाके, सगळे एका रेषेत. असं काम त्याने घोड्यांच्या शर्यतीच्या खोगिराखेरीज कशावर केलं नव्हतं. पितळी बकल त्याने गेली पंधरा वर्षं जपून ठेवलं होतं, ते इथे लावलं. आत्या म्हणाली, अरे, तो फिटर काही डोळे मिटून काम करत नसेल, त्यालाही काही कळत असेल. त्यावर तो म्हणाला, त्याला पाय कळतात, मला चाल कळते.

लेक न्हातीधुती झाल्यापासून त्याने तिचा उघडा पाय पाहिला नव्हता. ती आत जाऊन लांब मोजा घालून आली आणि ओट्यावर बसली. त्याने पाय कॅलिपरमध्ये ठेवला, टाच मागे रेटली आणि पट्टा ओढला.

"खुपतंय का?"

"नाही."

त्याने आणखी एक भोक ओढलं. "आता?"

"नाही, बाबा."

त्याने आणखी एक ओढलं. तट्टाचे कान बघावेत तसा तो तिचा चेहरा बघत होता. चेहरा हसत होता. ज्या पायाला टाचणी कळत नव्हती त्याला विचारून त्याने माप ठरवलं, आणि घरातल्या तिघांपैकी एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. लेक उठली, ओट्यापासून दारापर्यंत गेली आणि वळली. टाच उचलली गेली नाही, पाय झोके घेईना, आवाज येईना. ती अंगणात गेली, चढणीची दहा पावलं चढली आणि तशीच उतरली. आत्याने पदर तोंडाला लावला. खोगीरवाला ओट्यावरचे कातड्याचे तुकडे गोळा करायला लागला, कारण त्याला डोळ्यांत पाणी आलेलं कुणाला दाखवायचं नव्हतं.

हंगाम सुरू झाला. पहाटे तट्टं वर जायची, उजाडता पेट्या घेऊन उतरायची, आणि त्यांच्या मागून आत्या आणि लेक शेडकडे निघायच्या. तट्टूवाले मुद्दाम थांबून बघत. एक म्हणाला, माझ्या गुडघ्यालाही असलंच काहीतरी करून दे, म्हणजे मी तट्टू विकून टाकतो. दुसऱ्याने कबूल केलं, की आपण आजवर याच्या कामाला खोगीरभरती म्हणत आलो ते चुकलं. खोगीरवाला वरकरणी त्यांना हाकलून लावायचा, पण दिवसभर आरी चालवताना त्या बोलण्याची उजळणी करायचा. खटखट हे नाव आठवड्याभरात बंद पडलं. आता तिला काय म्हणावं हे लोकांना सुचेना, म्हणून ते तिला खोगीरवाल्याची पोरगी म्हणायला लागले, आणि तिला त्याचंही अप्रूप वाटत होतं.

पहिले चार दिवस तिने आरसा घेऊन घोटा पाहिला. पाचव्या दिवशी तिने बापाला सांगितलं, की पट्ट्याखाली लाल चट्टा आहे आणि जेवणं होईतो गेला नाही. त्याने विचारलं, कातडं फाटलंय का? नाही, म्हणाली. मग घट्टा पडतोय, पडू दे, तो म्हणाला. आत्यानेही दुजोरा दिला, की नवी वहाणसुद्धा चार दिवस चावते. लेकीने आरसा खिळ्याला परत लावला. त्यानंतर तो खिळ्यावरून निघाला नाही.

मग धुकं उतरलं. ते एकदा उतरलं की आठ-आठ दिवस हलायचं नाही, आणि त्यातून बारीक थेंब गळत राहायचे. शेडमध्ये वरून पाणी, खाली पाणी. संध्याकाळी लेक यायची तेव्हा पट्टा भिजून मऊ पडलेला असायचा. कॅलिपर चुलीच्या उबेला उभा करून ठेवावा लागायचा, आणि सकाळी पट्टा लाकडासारखा कडक झालेला असायचा. खोगीरवाला त्याला चरबी चोळायचा, वाकवून बघायचा. नमदा दाबून दाबून बसत चालला होता, त्यामुळे रोज सकाळी खाली बसून तिच्या पायाला बांधताना पट्टा पुन्हा सैल वाटायचा. तो एक भोक पुढे घ्यायचा. पुढे भोक उरलं नाही तेव्हा त्याने आरीने नवं पाडलं.

तीन आठवडे झाले तो दिवस ऐन तोडणीत आला. आत्याने आठवण केली. खोगीरवाला काही म्हणायच्या आत लेकच म्हणाली, की खाडा झाला तर जागा जाईल, हंगाम आटोपला की जाऊ. मग तोही म्हणाला, की बरोबर आहे, आणि आता त्या फिटरला दुरुस्त करायला मी ठेवलंय तरी काय. असं म्हणून तो हसला. लेकही हसली, पण ती त्याच्याकडे न बघता चुलीकडे बघून हसली, हे त्याला त्या वेळी जाणवलं आणि लगेच तो ते विसरलाही.

जाणवण्यासारखं बरंच काही त्या दिवसांत घडत होतं. तट्टांच्या सोललेल्या पाठीला लावायच्या मलमाची डबी फळीवर असे, ती भराभर उतरायला लागली. त्याला वाटलं तट्टूवाले हात मारतात, म्हणून त्याने ती आतल्या खोलीत ठेवली, तर ती आणखी लवकर संपली. लेक आपले मोजे आत्याला धुवायला देईना. ती जेवताना दाराशी बसायला लागली, ताटातलं निम्मं तसंच राहायचं. एका संध्याकाळी ती चुलीपाशी बसून दात वाजवत होती. आत्याने कपाळाला हात लावला आणि धुक्याने अंगात कसर आहे म्हणून गरम पाणी प्यायला दिलं. थंडीत माश्या नसतात, पण तिच्या शालीवर दोन-तीन बसलेल्या असायच्या. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात. हे मुंगीच्या पावलांनी घरात शिरलं आणि तिघांच्या मध्ये येऊन बसलं.

पाचव्या आठवड्यात, एक दिवस दिवेलागणीला, आत्याने शेडमधली गंमत सांगितली. खोगीरवाला ओट्यावर खोगिराला टाके घालत होता, लेक भिंतीला टेकून बसली होती, पायावर शाल. सकाळपासून टेबलाला नासका वास येत होता, आत्या म्हणाली. कुठल्या तरी पेटीत सडकं फळ असणार म्हणून मुकादमाने सात पेट्या उपड्या करायला लावल्या. एक फळ नासकं निघेना. मग कुणी म्हणालं फळ्यांखाली उंदीर मेलाय. फळ्या उचकटल्या, तिथेही काही नाही. सगळ्याजणी नाकाला पदर लावून हसत होत्या.

"आणि वाससुद्धा कसला नाठाळ," ती म्हणाली. "जेवायला आम्ही बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो, तर तो तिथेही आला."

खोगीरवाल्याची आरी थांबली. त्याने वर पाहिलं नाही. लेक म्हणाली, मला झोप येतेय, आणि भिंतीला धरून उठायला लागली. तो ओट्यावरून उतरला, चुलीपाशी गेला आणि वाळत ठेवलेला कॅलिपर उचलून त्याने आतला नमदा नाकाशी नेला. वरून चरबी, कातडं, धूर. आणि त्यांच्या खाली तो वास, जो त्याने आयुष्यभर ओळखला होता. आठ-आठ दिवस न उतरवलेलं खोगीर उचललं की तट्टाच्या पाठीवरून येतो तो. नमदा मध्यभागी ओला होता, आणि ती ओल धुक्याची नव्हती.

"पाय दाखव," तो म्हणाला.

"उद्या दाखवते."

"पोरी, पाय दाखव."

आत्याने दिवा आणला. मोजा पायाला चिकटला होता. कोमट पाणी ओतून ओतून तो सोडवावा लागला, आणि ते चालू असताना लेक दुसरीकडे बघत बसली, जणू पाय तिचा नव्हता. मोजा सुटला तेव्हा आत्याने दिवा त्याच्या हातात दिला आणि ती अंगणात निघून गेली. घोट्याच्या वर पट्ट्याच्या रुंदीचं सगळं कातडं काळं पडलं होतं. हाडाच्या उंचवट्यावर ते निघून आलं होतं आणि आत पांढरं दिसत होतं. पोटरी गुडघ्यापर्यंत लाल होऊन तटतटली होती. आणि काळ्या पट्टीच्या दोन्ही कडांना टाक्यांची ओळ कातड्यात उमटली होती, सरळ, सारख्या अंतराची, एका इंचात आठ. खोगीरवाल्याने दिवा खाली ठेवला.

सकाळी फळांच्या पहिल्या गाडीने जायचं ठरलं. गाडीरस्त्यापर्यंत तिला तट्टावरूनच न्यावं लागलं, नऊ वर्षांत पहिल्यांदा. तंग आवळायला तो पुढे झाला, पण पट्टा हातात धरून तसाच उभा राहिला. किती आवळायचा हे त्याला ठरवता येईना. शेवटी तट्टूवाल्याने त्याला हळूच बाजूला केलं आणि काम उरकलं. लेकीला ताप होता. उतरताना ती मधूनमधून विचारत होती, की मुकादमाला काय सांगणार, आणि एका दिवसाचा खाडा धरतात की नाही. आत्या म्हणाली, मी बघते, तू गप्प बस.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. पाय पाहून त्या फार कमी बोलल्या आणि बाहेर जाऊन आणखी दोघांना घेऊन आल्या. हाडात गेलं आहे, त्यांनी सांगितलं, आणि वर सरकतं आहे. पाय ठेवला तर मुलगी राहणार नाही. गुडघ्याखाली कापून भागलं असतं, पण ती वेळ गेली. आता गुडघ्याच्या वर. खोगीरवाल्याने विचारलं, किती वर? त्यांनी स्वतःच्या मांडीवर हात ठेवून दाखवलं. त्याने कागदावर सही केली. सही त्याला नेहमी जमायची तशीच आली.

फिटर खालच्या मजल्यावरून आला. त्याने कॅलिपर हातात घेऊन फिरवून पाहिला, पट्टा वाकवला, नमदा बोटाने दाबला.

"कुणी केलं?"

"मी."

फिटरने टाक्यांवरून अंगठा फिरवला. "काम चांगलं आहे," तो म्हणाला. तो टोमणा नव्हता, म्हणून खोगीरवाल्याला ते जास्त लागलं. मग फिटरने स्वतःचा पाय स्टुलावर ठेवून घोट्याचं हाड दाखवलं. "इथे हाडावर नुसतं कातडं असतं, काका. इथे मऊ काही नाही. इथे घट्टा पडत नाही. वरून दाबत राहिलं की इथलं कातडं मरतं." त्याने हे नेहमीप्रमाणे दोनदा सांगितलं. खोगीरवाला दोन्ही वेळा हो म्हणाला.

शस्त्रक्रियेच्या आधी त्याला लेकीपाशी बसू दिलं. ती तापाने सुकली होती, पण डोळे स्वच्छ होते. त्याने विचारलं, तुला कधी कळलं?

"अकराव्या दिवशी. मोजा चिकटला तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

तिने चादरीची घडी नीट केली. "बोलले असते तर तुम्ही पट्टा सैल केला असता. सैल केला की टाच उचलली जाते. मग टेबलाला उभं राहता येत नाही. मला वाटलं दोन महिनेच तर काढायचेत. मलम लावत होते मी." मग म्हणाली, "आणि तुम्ही रोज सकाळी तो पट्टा किती जीव लावून चोळायचात. माझ्याच्याने सांगवेना."

जनावराने लाथ घातली असती. पाच आठवडे तो रोज सकाळी गुडघ्यावर बसून, स्वतःच्या हाताने, पोरीचा पाय थोडा थोडा मारत होता, आणि ती वरून त्याच्या डोक्याकडे बघून हसत होती. हे त्याला स्पष्ट कळलं आणि ते यापुढे कधीच कळायचं थांबणार नाही हेही कळलं. तिला न्यायला माणसं आली तेव्हा तो बाजूला सरकला.

दुपार कलली तेव्हा तिला परत आणलं. चादरीखालचा उंचवटा एका बाजूला लवकर संपत होता. आत्या पायथ्याशी बसली आणि उरलेल्या पावलावर हात ठेवून तशीच राहिली. खोगीरवाला उशाशी उभा होता. खिडकीबाहेर कुणीतरी झाडू मारत होतं, त्या आवाजाकडे तो लक्ष देत होता, कारण दुसऱ्या कशाकडे द्यावं हे कळत नव्हतं. बऱ्याच वेळाने लेकीने डोळे उघडले. ओठ हलले. तो खाली वाकला.

"बाबा, दुखतंय."

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. नऊ वर्षांत उजव्या पायाबद्दल हा शब्द त्याने तिच्या तोंडून ऐकला नव्हता. "कुठे?" त्याने विचारलं.

तिने हात चादरीखाली नेला आणि मांडीवर, जिथे आता पाय संपत होता, तिथे बोट ठेवलं. मांडीत तिला थोडी जाण होती, ती तेवढी शिल्लक राहिली होती. "इथे. पट्टी फार घट्ट झालीय."

त्याचा हात सवयीने पुढे गेला आणि हवेतच थांबला. तो वळला आणि भराभर चालत नर्सच्या टेबलापाशी गेला. पट्टी सैल करायला हवी, त्याने सांगितलं. नर्स लिहीत होती. वर न बघता ती म्हणाली, की ही पट्टी घट्टच बांधतात, नाहीतर सूज येते, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांनाच तसं वाटतं. खोगीरवाला हलला नाही. मग तिने मान वर केली आणि विचारलं, "काका, तुम्हाला यातलं काही कळतं का?"

"नाही," तो म्हणाला. "मला काहीच कळत नाही. पण ती दुखतंय म्हणतेय. तुम्ही चला आणि बघा."